वाशिमवरून जाणारी शून्य रेषा

वाशिम शहरात मध्यमेश्वर नावाचे महादेवाचे देऊळ आहे. आजचे देऊळ काही फार जुने नाही, पण त्याच्या नावामागची गोष्ट जुनी आहे. लंकेपासून निघून उज्जैनवरून मेरूपर्यंत जाणारी भारतीय ज्योतिषांची 'मध्यरेखा', म्हणजे त्यांची शून्य रेखांशाची रेषा, याच जागेवरून जाते असे गावात सांगतात. वाशिम जिल्ह्यातल्या शाळेत भूगोलाच्या तासाला ग्रिनिचचे नाव निघाले की एखादा विद्यार्थी ही गोष्ट काढल्याशिवाय राहत नाही. आता नकाशा खिशातल्या मोबाइलवरही असतो, तेव्हा पुढचा प्रश्नही लगेच येतो. वाशिमचा रेखांश ७७ अंश ८ कला (एका अंशाच्या ६० कला), उज्जैनचा ७५ अंश ४६ कला. मग ही दोन गावे एकाच रेषेवर कशी?

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. एक म्हणजे, आपल्या पूर्वजांना सगळे अचूक ठाऊक होते, नकाशाच चुकत असेल. दुसरे, हे सगळे पुराणातले, सोडून द्या. दोन्ही उत्तरांची सोय अशी की त्यांत आकडेमोड करावी लागत नाही. आपण ती करून पाहू. पण आधी ही रेषा कोणी आणि कशासाठी मानली ते समजून घ्यायला हवे.

ग्रहगणित करणाऱ्याला कुठला तरी एक क्षण शून्य धरावा लागतो. आपल्या ज्योतिषांनी तो क्षण लंकेवरची मध्यरात्र किंवा लंकेवरचा सूर्योदय असा धरला. आर्यभटाने तर या दोन्ही पद्धतींनी गणित मांडले होते. आता पंचांग करणारा माणूस लंकेत राहत नाही. तो पैठणला किंवा काशीला राहतो. तिथला सूर्योदय वेगळ्या वेळी होतो, म्हणून लंकेसाठी काढलेल्या ग्रहस्थितीत त्याला थोडी दुरुस्ती करावी लागते. हिलाच 'देशांतर संस्कार' म्हणतात. जी गावे मध्यरेखेवर आहेत त्यांना ही दुरुस्ती लागतच नाही. अशा गावांना 'रेखापुरे' म्हणत. रेखापुरांची यादी जवळ असली की आपले गाव त्यांतल्या जवळच्या रेखापुराच्या पूर्वेला किंवा पश्चिमेला किती योजने आहे एवढे पाहायचे आणि दुरुस्ती काढायची. म्हणजे ही यादी हे एक उपयोगी कोष्टक होते.

पहिल्या भास्कराने, म्हणजे आर्यभटाच्या ग्रंथावर इ. स. ६२९ मध्ये भाष्य लिहिणाऱ्या भास्कराने, आपल्या 'महाभास्करीय' ग्रंथात अशी यादी दिली आहे. तीत लंकेपासून उत्तरेकडे येताना अवंतीच्या म्हणजे उज्जैनच्या आधी वात्स्यगुल्म हे नगर येते, आणि ते संपन्न असल्याचे विशेषणही त्याने जोडले आहे. वात्स्यगुल्म किंवा वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. पुढे साडेपाचशे वर्षांनी 'लीलावती'कर्त्या भास्कराचार्यांनी ११८३ च्या 'करणकुतूहल'मध्ये यादी दिली, तीत पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, गर्गराट, कुरुक्षेत्र अशी नावे ओळीने आहेत. पर्यली म्हणजे परळी वैजनाथ. 'सूर्यसिद्धान्ता'त याच रेषेवर रोहीतक, म्हणजे हरियाणातले रोहतक, सांगितले आहे.

यादीत वाशिमच का, हा प्रश्न साहजिक आहे. सातव्या शतकातल्या वाचकाला वत्सगुल्म कुठे आहे हे सांगावे लागत नसे. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. त्या शाखेतल्या दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशिमलाच सापडला आणि तो वत्सगुल्माहूनच दिलेला आहे. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे खोदवले. भास्कराच्या काळी वाकाटक जाऊन शतकाहून अधिक काळ लोटला होता, तरी गावाचे नाव टिकून होते. नकाशा नसलेल्या काळात गावांची यादी द्यायची तर प्रसिद्ध गावांचीच देणार. यादीत आलेल्या गावाचा मान त्यामुळे दोन बाजूंचा आहे, थोडा खगोलशास्त्राचा आणि बराचसा राजधानीचा.

आता या रेषेच्या दक्षिण टोकाची लंका. ही रावणाची लंका किंवा आजचा श्रीलंका देश नव्हे. श्रीलंका विषुववृत्तापासून सहा अंश उत्तरेला संपतो, आणि उज्जैनच्या रेषेच्या बराच पूर्वेला आहे. ज्योतिषांची लंका म्हणजे विषुववृत्त आणि मध्यरेखा जिथे छेदतात तो बिंदू. अक्षांश शून्य, रेखांश शून्य. तिथे खरोखर जाऊन पाहिले तर मालदीवच्या आग्नेयेला नुसता समुद्र आहे. लंकेपासून ९०-९० अंशांवर आणखी तीन नगरे मानलेली होती, पूर्वेला यवकोटी, पश्चिमेला रोमक आणि बरोबर पाठीमागे सिद्धपुर. लंकेत सूर्य उगवतो तेव्हा सिद्धपुरात मावळतो, यवकोटीत मध्यान्ह असतो आणि रोमकात मध्यरात्र, असे आर्यभट सांगतो. ही नगरे भूगोलाची नव्हेत, भूमितीची आहेत.

शून्य-शून्य या बिंदूला गाव मानण्याची खोड माणसाची अजून गेलेली नाही. आजच्या संगणकीय नकाशांत ग्रिनिचची रेषा विषुववृत्ताला जिथे छेदते, त्या आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या समुद्रातल्या बिंदूला नकाशे तयार करणारे लोक गमतीने 'नल आयलंड' म्हणतात. बेट वगैरे काही नाही, हवामानाच्या नोंदी घेणारा एक तरंगता बोया तिथे नांगरलेला असतो. पण माहिती भरताना कोणी अक्षांश-रेखांशाचे रकाने रिकामे सोडले आणि संगणकाने रिकामे म्हणजे शून्य असे मानले, की ती दुकाने, ते अपघात, ती छायाचित्रे सगळी या समुद्रात जाऊन पडतात. कोऱ्या रकान्याचे पाप शून्यावर जाते.

सिद्धपुराचेही तसेच आहे. शून्य रेषा मानली की तिच्या पाठीमागे १८० अंशांची रेषा आपोआप येते आणि तिथे आकडे एकदम उडी मारतात. पूर्व १७९ च्या पुढच्या पावलावर पश्चिम १७९. फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेची एफ-२२ जातीची लढाऊ विमाने हवाईहून जपानच्या ओकिनावाकडे निघाली असताना पॅसिफिकमध्ये ही रेषा ओलांडताच त्यांच्या संगणकांनी मान टाकली. दिशादर्शन आणि संदेशवहनासकट बऱ्याच यंत्रणा बंद पडल्या. बरोबर इंधन पुरवणारी विमाने होती, त्यांच्या मागोमाग ती हवाईला सुखरूप परतली. सॉफ्टवेअर दुरुस्त झाले आणि काही दिवसांतच विमाने पुन्हा निघून ओकिनावाला पोचली.

उज्जैनच्या बाबतीत तर लिपीनेच गंमत केली. भारतीय ग्रंथांबरोबर ही मध्यरेखा अरबांकडे गेली. अरबी लिपीत 'ज' आणि 'र' यांत एका टिंबाचाच फरक आहे. कुठल्या तरी नकलेत टिंब राहून गेले आणि 'उझैन'चे 'अरीन' झाले. पुढे मध्ययुगीन युरोपच्या लॅटिन पुस्तकांत हे अरीन जगाच्या मध्यावरचे, विषुववृत्तावरचे नगर म्हणून शतकानुशतके नांदले. उज्जैनचे नाव आणि लंकेची जागा असे ते जोडपत्र होते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाशिम आणि उज्जैन यांच्या रेखांशांत १ अंश २२ कलांचा फरक आहे, म्हणजे वाशिम उज्जैनच्या बरोबर दक्षिणेला नसून सुमारे १४० किलोमीटर पूर्वेला सरकलेले आहे. एवढा फरक त्या काळी कळायला हवा होता का?

अक्षांश काढणे सोपे असते. विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असताना, मध्यान्ही काठीची सावली मोजली की झाले. बारा अंगुळांच्या शंकूची सावली वाशिमला त्या दिवशी सुमारे ४.४ अंगुळे पडते, उज्जैनला ५.१. पाऊण अंगुळाचा फरक डोळ्यांना सहज दिसतो. रेखांशाला अशी सावली नाही. पृथ्वी फिरत असल्यामुळे वाशिमवरचे आकाश थोड्या वेळाने उज्जैनवर जसेच्या तसे येते. फरक असतो तो फक्त वेळेत. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. या हिशेबाने वाशिमचा मध्यान्ह उज्जैनच्या आधी सुमारे साडेपाच मिनिटे होतो. जुन्या मापात एक पळ २४ सेकंदांचे, तेव्हा हा फरक १४ पळांचा झाला.

पण वाशिममध्ये उभे राहून या क्षणी उज्जैनला किती वाजले हे कळणार कसे? तार नाही, रेडिओ नाही, बरोबर नेता येईल असे घड्याळ नाही. दोन्ही गावांतून एकाच क्षणी दिसेल अशी एखादी घटना हवी. ती म्हणजे चंद्रग्रहण. सूर्यग्रहण गावोगावी वेगळ्या वेळी दिसते, पण चंद्रावर पृथ्वीची सावली पडते ती सर्वांसाठी एकाच क्षणी. दोन्ही गावांत ग्रहण लागल्याची स्थानिक वेळ नोंदवायची, वजाबाकी करायची. पद्धत निर्दोष आहे आणि आपल्या ज्योतिषांना ती चांगली माहीत होती. अडचण घड्याळाची आणि सावलीची आहे.

घड्याळ म्हणजे घटिकापात्र, बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी. पाण्यावर सोडली की २४ मिनिटांत भरून बुडते. 'घटका भरली' हा आपला वाक्प्रचार तिथलाच. समजा सूर्यास्ताला पहिली वाटी सोडली आणि ग्रहण मध्यरात्री लागले. तोवर सुमारे १५ वाट्या बुडतील. वाटीच्या भोकात शेकडा एक एवढाच दोष असेल तर एका वाटीमागे १४ सेकंद चुकतात, पंधरा वाट्यांमागे साडेतीन मिनिटे. शिवाय थंडीतले पाणी भोकातून किंचित सावकाश शिरते, एक वाटी उचलून दुसरी सोडताना क्षण जातो, आणि दुसऱ्या गावातल्या वाटीचे दोष वेगळेच. त्यात पृथ्वीच्या सावलीची कड धारदार नसते. ग्रहण नेमके केव्हा लागले याबद्दल शेजारी उभ्या असलेल्या दोन माणसांचे दोन-तीन मिनिटांनी सहज दुमत होईल. हे सगळे जमेस धरले की साडेपाच मिनिटांचा फरक हाती लागणे जवळजवळ नशिबावर होते.

दुसरा मार्ग अंतराचा. उत्तर-दक्षिण अंतर अक्षांशावरून काढायचे, वाटेचे अंतर प्रवाशांना विचारायचे आणि काटकोन त्रिकोणावरून पूर्व-पश्चिम बाजू काढायची. वाशिम ते उज्जैन वाटेत तापी, सातपुडा आणि नर्मदा. तिथली वाट सरळ रेषेत कशी असणार? पहिल्या भास्कराने या पद्धतीवर नेमके हेच आक्षेप नोंदवले आहेत, की वाटेचे अंतर ढोबळ असते आणि पृथ्वी सपाट नसून गोल आहे. सातव्या शतकातला माणूस आपल्याच विषयातल्या प्रचलित रीतीचे दोष असे स्वच्छ सांगतो, हे मला त्या यादीपेक्षा मोलाचे वाटते.

आणि या चुकीने बिघडत काय होते? वाशिमच्या जोशीबुवांनी गाव रेखेवर आहे असे मानून देशांतर संस्कार केलाच नाही, तर चंद्राच्या जागेत पडणारा फरक साडेपाच मिनिटांच्या गतीएवढा, म्हणजे सुमारे ३ कलांचा. चंद्रबिंबाच्या रुंदीचा तो दहावा भाग झाला. त्या काळच्या चंद्रगणितात याहून कितीतरी मोठे दोष होते. त्यामुळे पंचांगाची तपासणी करूनही ही चूक उघडकीला येणे शक्य नव्हते. ज्या कामासाठी रेषा मानली होती, त्या कामाला ती पुरेशी सरळ होती.

आणखी एक गोष्ट आकडे शेजारी-शेजारी मांडल्यावर दिसते. परळीचा रेखांश सुमारे ७६ अंश ३२ कला, रोहतकचा ७६ अंश ३५, कुरुक्षेत्राचा ७६ अंश ५०, वाशिमचा ७७ अंश ८. ही चार गावे मिळून जेमतेम ३६ कलांच्या पट्ट्यात बसतात, म्हणजे वेळेच्या हिशेबात अडीच मिनिटांत. दक्षिणोत्तर मात्र ती अकरा अंशांत, सव्वा हजार किलोमीटरवर पसरली आहेत. या चौघांपासून फटकून पश्चिमेला कोण पडले आहे? स्वतः उज्जैन. परळी-रोहतकची रेषा धरली तर वाशिम तिच्यापासून जितके पूर्वेला आहे, त्याहून उज्जैन पश्चिमेला अधिक आहे. रेषा ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते, तेच तिच्यावर सर्वांत कमी बसते. यात योगायोगाचाही भाग असेल. तरी विद्यार्थ्यांना ही चार गावे नकाशावर टिंबांनी दाखवून पट्टी लावायला जरूर सांगावे.

तुलनेसाठी दुसरीकडे काय होते ते पाहा. इ. स. पूर्व ३३१ मधले एक चंद्रग्रहण आजच्या इराकमधल्या अर्बेला येथे आणि ट्युनिसजवळच्या कार्थेज येथे पाहिले गेले. दोन्हीकडच्या वेळांत तीन तासांचा फरक आल्याचे टॉलेमीने नोंदवले आहे. तीन तास म्हणजे ४५ अंश. खरा फरक ३४ अंशांचा आहे. अकरा अंशांची ही चूक, आणि तीही ग्रहणाच्या निर्दोष पद्धतीने!

रेषा खऱ्या अर्थाने मोजायला एकोणिसावे शतक उजाडले, आणि त्या मोजणीची वाट वाशिमपासून फार दूर नाही. विल्यम लॅम्टनने १८०२ मध्ये मद्रासहून सुरू केलेल्या महासर्वेक्षणाचा कणा, म्हणजे 'ग्रेट आर्क', ७८ रेखांशाच्या आसपास कन्याकुमारीकडून विदर्भातून हिमालयाकडे गेला. लॅम्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने केले. त्याने मध्य प्रदेशातले कल्याणपूर आणि उत्तरेकडचे कलियाणा या ठाण्यांमधले अक्षांशाचे अंतर दोन रीतींनी काढले, एकदा जमिनीवर त्रिकोण मोजून आणि एकदा ताऱ्यांवरून. दोन्ही उत्तरांत ५.२३६ विकलांचा (एका कलेच्या ६० विकला) फरक आला, जमिनीवर सुमारे १६० मीटर. वाशिम-उज्जैनच्या फरकापुढे हे काहीच नाही, पण या लोकांची मापे एवढी सूक्ष्म झाली होती की १६० मीटरचीही झोप उडाली.

दोष ओळंब्याचा निघाला. ताऱ्याची उंची मोजताना 'खाली' कुठे हे ओळंबा ठरवतो, आणि हिमालयाचे प्रचंड वस्तुमान ओळंब्याला स्वतःकडे किंचित ओढते. कोलकात्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी हिशेब केला तर ओढ फारच जास्त, जवळजवळ १६ विकलांची, यायला हवी होती. मग ती एवढी कमी का? १८५५ मध्ये ब्रिटनचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांनी उत्तर सुचवले. पाण्यावर तरंगणाऱ्या ओंडक्यांप्रमाणे डोंगरांचाही हलक्या खडकांचा मोठा भाग खाली बुडालेला असतो, त्यामुळे डोंगर दिसतो तेवढा ओढत नाही. भूकवचाच्या समतोलाची ही कल्पना आज भूशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

याच एअरींनी ग्रिनिचला बसवलेल्या दुर्बिणीची रेषा १८८४ च्या वॉशिंग्टन परिषदेने जगाचा शून्य रेखांश म्हणून मान्य केली. आज तिथे जमिनीत बसवलेल्या पट्टीवर पाय फाकून उभे राहून लोक छायाचित्रे काढतात. हातातल्या जीपीएसवर मात्र शून्य येत नाही. उपग्रहांचा शून्य रेखांश तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेतून जातो. कारण पुन्हा ओळंबाच. एअरींच्या दुर्बिणीचे 'खाली' स्थानिक गुरुत्वाने ठरले होते. उपग्रहांच्या गणितात ते पृथ्वीच्या मध्याकडे पाहून ठरते. दोहोंतला फरक पाच विकलांच्या थोडा वर आहे. भारतातल्या ओळंब्याचे कोडे सोडवायला निघालेल्या एअरींच्या स्वतःच्या ओळंब्याचा हा हिशेब २०१५ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाला.

शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. वाशिमच्या शाळेने उघड्या मैदानात उभी काठी रोवावी, तिच्याभोवती वर्तुळ काढावे, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला शिवते ती वेळ आणि दुपारनंतर पुन्हा शिवते ती वेळ मोबाइलच्या घड्याळावर नोंदवावी. दोन्हींच्या मधला क्षण तो स्थानिक मध्यान्ह. त्याच दिवशी मुंबईच्या एखाद्या शाळेने हेच करावे. वाशिमचा मध्यान्ह सुमारे १७ मिनिटे आधी यायला हवा, आणि एवढा फरक पहिल्याच प्रयत्नात मिळतो. उज्जैनच्या शाळेबरोबर साडेपाच मिनिटे मिळवायला काठी अगदी ओळंब्यात असावी लागते आणि चार-पाच दिवसांची सरासरी घ्यावी लागते. परळीबरोबरचा अडीच मिनिटांचा फरक काठीने मिळाला तर त्या वर्गाचे कौतुक करावे.

ज्यांना भास्करांचीच रीत वापरायची आहे त्यांनी ३१ डिसेंबर २०२८ ची रात्र राखून ठेवावी. त्या दिवशी रात्री साडेआठनंतर खग्रास चंद्रग्रहण लागेल आणि ते महाराष्ट्रातून पूर्ण दिसेल. मोबाइल बाजूला ठेवायचे. बुडाला बारीक भोक पाडलेली वाटी, परातभर पाणी आणि सूर्यास्ताचा क्षण पकडायला मोकळे क्षितिज एवढे साहित्य पुरे. वाटीची चाचणी मात्र आधीच्या महिनाभरात थंडीच्या रात्री करून ठेवावी, दुपारी केलेली चालणार नाही.